चांदीचा सोमवार

शुक्रवार पेठेत नागम्माच्या दुकानात पेंड मिळायची, सरकी मिळायची, हुलगा, चुणी, गव्हाचा कोंडा, सगळं मिळायचं. पण ते घेऊन मुकाट्यानं घरी जाता येईल असं ज्याला वाटायचं तो नवीनच माणूस समजावा. पोत्यांच्या मधे घोंगडी टाकून नागम्मा बसलेली असायची, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंड सुरू. माल मोजायच्या आधी ती विचारायची, "कुणाला घालायचं?" आणि मग, "आत्ता काय घालतोस?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना भलेभले चाचरत.

त्या दिवशी काशम्मा आली होती. पोपटाची पिसं गळायला लागलीत म्हणून तोंड बारीक करून उभी.

"काय घालतीस त्याला?"

"काय नाही अव्वा, आपलंच. भजी."

"भजी?"

"मिरचीची. त्याला लई आवडतात की."

"तुझ्या नवऱ्याला तंबाखू आवडते. तीही घाल की मग पिंजऱ्यात! अगं, तेलात तळलेलं पाखराला कसं पचणार? त्याचं पोट केवढं, सुपारीएवढं. हरभरा भिजवून घाल. पेरूची फोड घाल. मिरची घालायचीच तर कच्ची घाल, झाडावरची खाल्ल्यासारखी. आणि पिंजऱ्यात पाणी ठेवतीस का नाही?"

"ठेवते की."

"कधी बदलतीस?"

काशम्मा आठवायला लागली. नागम्मानं कपाळावर हात मारला आणि तिला अर्धा शेर हरभरा बांधून दिला.

तिच्यामागं मडिवाळप्पा उभा होता. हा परीट. कपड्यांच्या गाठोड्यावर त्याचा टायगर झोपायचा, आणि त्या टायगरच्या अंगावर आता केस कमी आणि खरूज जास्त झाली होती. "अव्वा, मी तर मी खातो तेच त्याला देतो," तो आधीच सांगून मोकळा झाला. "सकाळी चहा आणि खारी. संध्याकाळी चहा आणि खारी."

"तू धुणं आपटतोस दिवसभर. तो आपटतो का?"

"नाही."

"मग त्याला चहा कशाला रे बाबा? झोप उडवून त्याला कुठं कामाला जायचंय?"

दुकानात बसलेली सगळी हसली, मडिवाळप्पाही हसला, आणि नागम्माला आत कुठंतरी गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. हे तिचं सुख होतं. नवरा गेल्यावर दीरांनी दुकान विकायला काढलं होतं. ही बाई पहिलीतून शाळा सोडलेली, हिला काय जमणार, असं म्हणाले होते. आता त्यांच्याच म्हशीनं दूध चोरलं तर ते येऊन ह्याच घोंगडीसमोर उभे राहायचे. घोंगडीवरून सांगायचं आणि समोरच्यानं मान डोलवायची, ह्यापेक्षा जास्त तिनं कशाची हाव धरली नव्हती.

आणि सांगून झालं की शेवटी ती बोट दाखवायची दुकानाच्या पायरीकडं. "पटत नसेल तर तिला बघा."

पायरीवर चांदी बसलेली असायची.

चांदी म्हणजे कारवानी कुत्री. लांब पाय, लांब तोंड, पोट असं आत गेलेलं की दोन्ही हातांच्या ओंजळीत कंबर मावावी. दुष्काळात, बहात्तर साली, मेंढरं घेऊन गाव सोडून निघालेल्या एका धनगरानं ती दुकानाच्या पायरीवर ठेवली होती. डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते. "आई, मला मेंढरं जगवायला येईनात, हिला काय घालू," एवढंच बोलला तो बिचारा. त्या साली माणसांनाच रेशनवरची तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, गिळावी लागत होती. नागम्मानं मिलोची पेज करून कापसाच्या बोळ्यानं ते पिल्लू जगवलं. पुढं दिवस बरे आले तशी भाकरी मालदांडी ज्वारीची झाली, सोबत उकडलेला हुलगा, ताक, शेंगदाण्याचं कूट, रात्री घोटभर दूध.

"माझ्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "कुत्र्याला मटण लागतं म्हणणाऱ्यांनी चांदीची कातडी हात लावून बघावी. रेशीम आहे, रेशीम! आणि माझी कुत्री सोमवारसुद्धा करते."

हे मात्र खरं होतं. सोमवारी नागम्मा दिवे लागेपर्यंत काही खायची नाही. पिल्लू असताना चांदी तिच्या मांडीशी बसायची आणि तिनं खाल्लं नाही की हिलाही मिळायचं नाही. "माझ्या घरात राहायचं तर सोमवार धरायचा," असं नागम्मानं तिला सांगून टाकलं होतं. आता चांदीला सवयच लागली होती. सोमवारी समोर काही ठेवलं तरी ती नागम्माच्या तोंडाकडं बघायची, आणि देवापुढं दिवा लागून "खा" म्हटल्याशिवाय तोंड लावायची नाही. पेठेतल्या बायका मुद्दाम सोमवारी हे बघायला यायच्या.

तर असं सगळं चाललेलं असताना गोजरबाई आली.

गोजरबाई मागच्या बोळात राहायची. मूळची मोहोळकडची, नवरा गिरणीत. आवाज असा की बोळाच्या ह्या तोंडाला बोलली तर त्या तोंडाला ऐकू जावं. तिच्या शेळ्यांसाठी ती सरकी न्यायला यायची, पण तिच्या घरी सरज्या नावाचा कुत्रा होता, तोही कारवानीच, आणि त्याच्याबद्दल मात्र तिनं नागम्माला आजवर एका शब्दानं विचारलं नव्हतं. हेच नागम्माला सलायचं.

"सरज्याला काय घालतीस गं?" शेवटी तिनंच विचारलं.

"काय घालनार आक्का? आमच्यात जे हाय ते. खाटकाकडनं मुंडी आनायची, पाय आनायचं, शिजवायचं लई येळ, आन त्या रश्श्यात भाकर कुस्करायची. वर आठवड्याला दोन-तीन अंडी."

"शिव शिव!"

"आता शिव शिव काय त्यात? कुत्रं हाय ते. त्याला काय दीक्षा दिलीया व्हय?"

दुकानातलं हसू ह्या वेळी गोजरबाईच्या बाजूनं आलं. नागम्माची पाठ ताठ झाली.

"माझी चांदी बघ आणि मग बोल."

"बघितली की. दिसाया झ्याक हाय. देवळात ठिवावी अशी." गोजरबाईनं सरकीची पिशवी खाली ठेवली. "पर आक्का, कारवानी जात पळायची जात. पळाया लागली तर दम धरंल का हुलग्यावर?"

"तुझ्या सरज्याला धूळ खायला घालेल!"

"मग पळवूया की!"

"पळवूया!"

मडिवाळप्पा टाळ्या पिटायला लागला. "माझा टायगर पण! माझा टायगर पण!" त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

जागा नागम्मानंच ठरवली. अक्कलकोट रस्त्याला तिच्या बहिणीच्या मुलाचं, धोंडप्पाचं शेत होतं. येळ अमावस्येला, मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या सणाला, सगळं गणगोत तिथं जमायचं. अमावस्येच्या जेवणानंतर शेताकडेच्या पडीक पट्टीत कुत्री पळवायची. आणि मग त्या भरात, समोर एवढी माणसं ऐकत असताना, नागम्मा जे बोलली ते तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

"चांदी हरली तर कुत्र्याला काय घालायचं हे ह्या घोंगडीवरून मी पुन्हा कुणाला सांगणार नाही. जो विचारायला येईल त्याला तुझ्या दारात पाठवीन."

मडिवाळप्पाच्या टाळ्या थांबल्या. गोजरबाईनं पदर खोचला.

"आन माझा हरला तर?"

"तर त्याची मुंडी बंद. माझा हुलगा घालायचा."

"ठरलं!" म्हणून गोजरबाई सरकी विसरून गेली आणि ती घ्यायला परत आली.

मग काय विचारता! पेठेत दुसरा विषयच राहिला नाही. नळावर बायका भांडायच्या त्या पाण्यावरून नाही, चांदी का सरज्या ह्यावरून. ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नाही तेही दुकानात येऊन चांदीच्या मांड्या चाचपून जायचे. नागम्मानं हुलगा वाढवला. शेंगदाण्याच्या कुटात गूळ मिसळला. ती पहाटे चांदीला घेऊन पार्काकडं फिरायला जायला लागली, नऊवारीचा ओचा खोचून, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून हुलग्याचे गुण सांगायला लागली. "घोडे कशावर पळतात? हुलग्यावर! बैल कशावर ओढतात? हुलग्यावर!" तिच्या अंगात वारं शिरलं होतं. सुनेला, दाक्षायणीला, सासू इतकी हसरी कधी दिसली नव्हती.

त्यामुळं तिला सांगायचा धीर होईना. पण कॅलेंडर तिनं बघितलं होतं.

"अत्ती," ती म्हणाली. सासूला ती कानडी रीतीनं अत्ती म्हणायची. "येळ अमावस्या सोमवारी आलीय."

"मग? सोमवती अमावस्या! केवढा चांगला योग."

"चांदी उपाशी पळणार का?"

नागम्मा ताक घुसळत होती, ती थांबली. खरं तर हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण हे सुनेनं सांगावं?

"सोमवार तिनं कधी मोडला नाही. आता शर्यत आली म्हणून मोडू? लोक म्हणतील, नागम्माचा देव गरजेपुरता. आणि रिकाम्या पोटानं जनावर हलकं पळतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"सकाळी घोटभर दूध तरी—"

"दूध तू पी. तोंड मिटेल."

दाक्षायणी दुधाचं भांडं झाकून आत गेली.

त्या सालची येळ अमावस्या म्हणजे काय होती, ते ज्यांनी बघितलं त्यांनाच माहीत. दुष्काळ सरून पहिलंच पीक उभं होतं. अक्कलकोट रस्त्याला दोन्ही हातांना ज्वारी, माणूस शिरला तर बुडावा एवढी. बैलगाड्या भरभरून माणसं शेतांकडं चालली होती, डोक्यावर आंबिलीचे माठ, काखेत टोपल्या. गेल्या साली ह्याच रस्त्यावर हीच माणसं खडी फोडत होती. आज ओळख असो नसो, एका गाडीतला माणूस दुसऱ्या गाडीतल्याला हाक मारत होता.

धोंडप्पानं कडब्याची कोप, छोटं खोपटं, उभारली होती. आत पाच दगड मांडून पूजा झाली, धोंडप्पा आंबील शिंपडत सगळ्या शेताला आरोळ्या देत फिरला, आणि पंगत बसली. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, गव्हाची खीर, माठातली गार आंबट आंबील. ह्या दिवशी शेतात आलेला कुणी उपाशी जायचा नाही, वाटसरू नाही, भिकारी नाही आणि कुत्रंही नाही. धोंडप्पाची बायको उंड्यांची टोपली घेऊन कुत्र्यांसमोरही वाढायला गेली.

टायगरनं आयुष्यात एवढं बघितलं नव्हतं. त्यानं पाच उंडे गिळले, भज्जी चाटली, आंबील प्यायला आणि मडिवाळप्पाच्या पायावर आडवा झाला.

"बास की वैनी," गोजरबाईनं सरज्याची मान मागं ओढली. एक उंडा मोडून तेवढाच त्याला दिला. "पळून आला की मग."

आणि चांदी? चांदीसमोर उंडा ठेवला. तिनं तोंड फिरवलं आणि नागम्माकडं बघितलं.

"अगं बया! खात न्हाय की ही!" गोजरबाई म्हणाली.

"सोमवार आहे तिचा," नागम्मा म्हणाली. आवाज मुद्दाम मोठा केला, पार शेवटच्या पंगतीला जावा एवढा. ती स्वतःही नैवेद्याला हात लावून तोच डोळ्याला लावून बसली होती. पाव्हणेरावळे उठून बघायला आले. कुणी चांदीला नमस्कारसुद्धा केला. नागम्माला वाटलं, आता शर्यत नाही झाली तरी चालेल.

दाक्षायणी तेवढी चांदीच्या तोंडाकडं बघत होती. जबड्याच्या कोपऱ्यातून लाळेची तार खाली मातीपर्यंत गेली होती.

ऊन कलायच्या आत सगळी पडीक पट्टीकडं निघाली. एका बाजूला उभी ज्वारी, दुसऱ्या बाजूला बांध. त्या टोकाला धोंडप्पा आणि त्याचे भाऊ कुत्री धरून उभे राहिले. ह्या टोकाला मालकांनी उभं राहून हाका मारायच्या. ज्याचं कुत्रं आधी येऊन मालकाला शिवेल ते जिंकलं. माणसं दोन्ही अंगांना अशी दाटली की जणू गड्ड्याची जत्राच तिथं येऊन उतरली.

"आक्का," गोजरबाई हळूच म्हणाली, "अजून बी येळ हाय. शबूद मागं घ्या. मी कुनाला बोलनार न्हाय."

"तूच घे मागं. हुलगा आत्ताच भिजत घालायला सांगू का?"

"लई ताठ हाय ही बाई," गोजरबाई आकाशाकडं बघून म्हणाली.

धोंडप्पानं टॉवेल वर केला. खाली टाकला.

"चांदीऽऽ! ये गं! ये गं माझी बाय!"

"सरज्या! सरज्या! हिकडं! हिकडं रं माज्या वाघा!"

"टायगर! अरे ऊठ की भाड्या, ऊठ!"

टायगर उठला, चार ढांगा टाकल्या आणि बसून कान खाजवायला लागला. पण त्याच्याकडं कोण बघतंय! चांदी सुटली होती. पाय जमिनीला लागत होते का नाही कुणास ठाऊक. अंग असं आवळायचं आणि असं सुटायचं, जसा मागावरचा धोटाच इकडून तिकडं जावा. सरज्या मागं पडला. चांगला दोन बैलगाड्या मागं पडला.

"आली! आली बघ! पळलाली बघ कशी!" नागम्मा ओरडत होती. डोक्यावरचा पदर गेला होता, केस सुटले होते, जन्मात माणसांसमोर ती अशी उभी राहिली नव्हती. "हुलगा आहे तो! हुलगा! दाक्षायणी, बघ गं, बघ!" आणि दाक्षायणीही सासूसमोर दबून बोलणारी, ती चक्क उड्या मारत होती. गोजरबाईचा आवाज चिरकला होता. अर्धी वाट संपली. आता चांदीचे डोळे दिसायला लागले. आता नुसतं इथनं तिथवर.

आणि बांधातनं घूस निघाली.

चांगली मांजराएवढी घूस. माणसांच्या गलबल्यानं बिळातून बाहेर पडली, पट्टी आडवी ओलांडली आणि ज्वारीत शिरली.

चांदी जागच्या जागी वळली. एवढ्या वेगात जनावर असं वळू शकतं हे कुणी बघितलं नव्हतं. माती उडाली, आणि ज्वारीची दोन ताटं हलली, आणि चांदी नाही.

"चांदी!" नागम्मा ओरडली. "चांदी! अगं इकडं! अगं ए!"

सरज्या पट्टीवरून सरळ पळत आला. ज्वारीकडं त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. येऊन गोजरबाईच्या पोटावर दोन्ही पाय ठेवले, आणि ती त्याच्यासकट मागं पडली.

ओरडा झाला, तो झाला आणि लगेच थांबला, कारण सगळ्यांच्या नजरा ज्वारीकडं होत्या. कणसं हलत होती. एकदा इकडं, एकदा तिकडं. मग सळसळ थांबली. मग ती परत सुरू झाली, ह्या टोकाकडं, सावकाश.

चांदी बाहेर आली. तोंडात घूस.

मान वर, शेपूट वर, असा तोरा की जिंकलेल्या सरज्यालाही नव्हता. दोन्ही बाजूंच्या माणसांमधून ती चालत आली. विभूतीचे पट्टे लावलेली म्हातारी माणसं मागं सरकली. कुणीतरी नाकाला धोतराचा सोगा लावला. ज्यांनी तासाभरापूर्वी तिला नमस्कार केला होता त्यांनी हात पाठीमागं नेले. चांदी नागम्माच्या पायाशी आली, घूस तिच्या पायांपुढं मातीत ठेवली आणि मागं होऊन बसली.



नागम्माच्या कानात नुसतं घुं घुं वाजत होतं. सोमवार. अमावस्या. सगळं गणगोत. आयुष्यभर उंबऱ्याच्या आत न आलेलं, ते पायाशी. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं की काठी कुठं आहे. मग तिनं चांदीकडं बघितलं.

चांदी घूस खात नव्हती. तिनं ती धरली होती, मारली होती, एवढ्या लांबून तोंडात धरून आणली होती, आणि तरी तिला दात लावला नव्हता. ती बसली होती आणि नागम्माच्या तोंडाकडं बघत होती. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ह्याच बरगड्या लोकांना दाखवून नागम्मानं रेशीम रेशीम म्हटलं होतं. जबड्यातून लाळ गळत होती, मागचे पाय थरथरत होते, आणि डोळे हलत नव्हते.

ती "खा" ची वाट बघत होती.

"यव्वा," नागम्मा एवढंच म्हणाली. मग ती खाली बसली, मातीतच. चांदीच्या मानेवर हात ठेवला. हाताखाली सगळी हाडं लागली.

"एवढी भूक लागली होती का गं तुला?"

"मावशी," मागून धोंडप्पा पळत आला, धापा टाकत. "मावशी, तिला मारू नका! ह्याच घुशीनं माझा बांध पोखरलाय. दोन सरी ज्वारी आडवी केलीय हिनं. मी सापळा लावून दमलो."

"मारतंय कोण?" नागम्मानं त्याच्यावर डोळे वटारले. मग तिनं सगळ्या माणसांवरून नजर फिरवली, एकेकाच्या तोंडावरून. "काय बघलालाव? कुत्रं कधी बघितलं नाही? सोमवार माझा आहे. तिचा नव्हता. मी तिच्या गळ्यात बांधला, तिनं बिचारीनं पाळला. तुमच्यातल्या किती जणांनी घास हातात असताना वाट बघितली असती, सांगा की!"



तिनं तोंड दुसरीकडं वळवलं, पदर डोळ्यांवर ओढला, आणि म्हणाली, "खा."

मागून जो आवाज आला तो तिला ऐकायचा नव्हता, पण तिनं ऐकला. दाक्षायणीला हसू फुटलं, आवरता आवरेना, आणि ते बघून पदराच्या आड नागम्माचेही खांदे हलायला लागले. गोजरबाई अंगावरची माती झटकत जवळ आली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आक्का, पानी प्या. सोमवारी पानी चालतंय न्हवं?"

"चालतं." ती प्यायली. "तुझा सरज्या चांगला पळाला."

"चांदी जास्त पळाली. खोटं कशाला बोलू? पोटात काय असतं तर घुशीकडं बघितलं नसतं तिनं."

"ते मला कळलंय. परत सांगू नकोस."

"न्हाय सांगत."

घरी येईपर्यंत गाडीत कुणीही त्या शब्दाचा विषय काढला नाही. लोकांना वाटलं, नागम्मा तो गिळून टाकेल. तिला कोण विचारणार? दुकान तिचं, घोंगडी तिची, तोंड तिचं.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर गर्दी. कुणाला काही घ्यायचं नव्हतं. गप्प उभं राहून नुसतं ऐकायचं होतं. आणि नेमकी रेल्वेतल्या गार्डाची बायको केराबाई आली, काखेत पांढरं पिल्लू, पोट तेवढं फुगलेलं आणि पाय काड्या.

"नागम्माबाई, तुमचं नाव ऐकून आले. ह्याला काय घालू हो?"

सगळ्यांचे कान टवकारले. नागम्मानं पिल्लाकडं बघितलं. तोंडात उत्तर तयार होतं, हुलगा, ताक, जंत पडायला आधी काय द्यायचं तेही. ते सगळं जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिनं ते तिथंच धरलं.

"दाक्षायणी!" तिनं हाक मारली. "जा, मागच्या बोळातनं गोजरबाईला बोलावून आण. म्हणावं, इथं तुझं काम पडलंय, उशीर करू नकोस."

गोजरबाई आली ती हात पिठाचेच घेऊन. "काय झालं आक्का?"

"बस." नागम्मा सरकली आणि घोंगडीवर जागा केली. तशी जागा त्या घोंगडीवर आजपर्यंत कुणाला मिळाली नव्हती. "मी शब्द दिला होता, विचारायला येईल त्याला तुझ्या दारात पाठवीन. केराबाई लांबून आलीय, पिल्लू हडकलंय, तिला कशाला दारोदार फिरवू? तुझं दार इथं आणलं. सांग तिला."

गोजरबाई अवघडून बसली. बोळ गाजवणारा तिचा आवाज एवढ्या माणसांत बारीक झाला. "आता काय... पिल्लू हाय. आधी जंताचं औषद. मंग मुंडीचा रस्सा, पातळ, मसाला न्हाय, मीठ न्हाय. हाडं न्हाय घालायची, गळ्यात अडकत्यात. त्यात भाकर कुस्करायची—"

"कुठली?" नागम्मा म्हणाली.

"आं?"

"भाकरी कुठली? मालदांडीची का उरलेल्या मिलोची? ताजी का शिळी? किती कुस्करायची? रश्श्यात किती वेळ भिजवायची? नुसतं भाकर म्हणून चालतं होय?"

"आक्का, तुमी शबूद दिलाय न्हवं गप बसायचा?"

"तो मुंडीपुरता." नागम्मानं मापातली ज्वारी उचलली आणि केराबाईच्या पिशवीचं तोंड उघडलं. "भाकरीला अजून मीच आहे. हां, पुढं बोल. अंडं कधी घालायचं ते सांग तिला, मी कान झाकते."

आणि कान झाकायला हात वर केले तरी बोटं मात्र तिनं चांगली फाकवून ठेवली होती.